रांगेतला विलंब

उपग्रहाद्वारे होणाऱ्या संभाषणात अर्धा सेकंद उशिरा आलेला होकार ऐकणाऱ्याला अनिच्छेचा वाटतो, आणि यंत्राचा विलंब असा नकळत माणसाच्या नावे जमा होतो. 35,786 किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामुळे हा विलंब अटळ ठरतो. सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे अंतराचा वाटा काही मिलिसेकंदांवर येतो. तरीही मोठी फाइल पाठवली जात असताना राउटर आणि मोडेमच्या स्मृतीत पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, साचतात आणि बोलणाऱ्याचा आवाज त्यांच्यामागे तिष्ठत राहतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेली 'कोडेल' ही पद्धत रांगेच्या लांबीऐवजी पॅकेट किती वेळ थांबले हे पाहते, आणि तो वेळ सतत जास्त राहिला की काही पॅकेट गाळून पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याचा इशारा देते. त्यासाठी राउटरची वेगमर्यादा जोडणीच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवावी लागते, जेणेकरून रांग राउटरमध्येच लागून त्याच्या ताब्यात राहील. थोडा वेग सोडल्याने तत्परता मिळते, हे मनाला सहज पटत नाही. शिवाय उपग्रहाची क्षमता क्षणोक्षणी बदलत असल्याने किती सोडावे, हा प्रश्न पुन्हापुन्हा नव्याने उभा राहतो.