होंडुरासची सिगार

बोटीवर नोकरी करणारे आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ गेल्या नाताळात भेटीला आले आणि त्यांनी होंडुरासच्या दोन सिगारी आमच्या हातावर ठेवल्या. दर उपवासकाळात व्यसनमुक्तीवर प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूला ही भेट! "फादर, एकदा पारखून तर पाहा," ते म्हणाले, आणि आमची जिज्ञासा चाळवली.

ही पाने निकाराग्वाच्या सीमेलगतच्या दानली शहराजवळची. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडलेले काही तंबाखू बागायतदार या भागात स्थिरावले. अमेरिकेने १९६२ मध्ये क्यूबाच्या मालावर बंदी घातली आणि त्यांच्या पिकाला गिऱ्हाईक मिळाले. वाळलेल्या पानांचे तेथे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. ऊब फार चढली की ढीग मोडून पुन्हा रचायचा. असे महिनोन्‌महिने. शेंड्याकडची, उन्हात पोसलेली पाने सर्वांत जहाल. ती सावकाश जळतात, म्हणून वळताना ती गाभ्यात मधोमध घालतात.

आम्ही सिगार प्रथम न पेटवताच हुंगली. सुक्या पेंढ्याचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास आला. दाबून पाहिली; कोठेही पोकळ लागली नाही. टोक कापून, ज्योत किंचित दूर धरून, गोल फिरवीत पेटवली. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. (त्याने तोंडाचा कर्करोग टळत नाही, हे आम्हीच प्रवचनात सांगतो.) आरंभी मिऱ्यांचा झणका, मध्यावर भाजलेल्या कॉफीची नि कोकोची चव. करडी राख इंचभर न ढळता राहिली. अखेरच्या तिसऱ्या भागात मात्र कडवटपणा वाढला. तेथे आम्ही गुण कापले.

खरे सांगायचे तर सिगार उत्तम होती. वाईट असती तर आमची सुटका झाली असती. आमचे वडील विडीपायी खोकून खोकून गेले. त्यांना आगपेटी आणून देण्याचे काम लहानपणी आमच्याकडे असे. विडीत त्यांना काय लाभत होते, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. रागावलो मात्र पुष्कळदा. त्या संध्याकाळी पडवीत बसून, पन्नाशी उलटल्यावर, त्याचा थोडा अंदाज आला.

दुसरी सिगार टेबलाच्या खणात आहे. तिला सुमारे ७० टक्के दमट हवा लागते म्हणे. खणात ती सुकत चालली असणार. परत करावी, तर ते गृहस्थ पुन्हा बोटीवर गेले आहेत.