निरगाठ आणि सुरगाठ

फेब्रुवारीतला रविवार होता. गंगापूर रोडवरून आम्ही पाच जण उजाडायच्या आत निघालो आणि अर्ध्या तासात धरणावर पोचलो. नाशिककरांच्या नळाला येतं तेच हे गोदावरीचं पाणी. सकाळी इतकं निवांत होतं, की कयाक चालवण्यात अवघड ते काय, असं वाटावं.

नऊच्या सुमारास भुका लागल्या. पाचही कयाक शेजारी-शेजारी लावून पाण्यावरच डबे उघडायचं ठरलं. दोरी माझ्याकडे होती. सुटायला नको म्हणून मी करकचून निरगाठी मारल्या आणि खुशीत धपाट्याचा तुकडा तोडला.

वारा कधी सुटला ते कळलंच नाही. एकटी कयाक वल्ह्याने वळवता येते. पाच बांधल्या की त्यांचा तराफा होतो आणि वारा नेईल तिकडे जातो. आम्ही काठच्या खडकांकडे सरकत होतो. कयाक एकमेकींवर आदळायला लागल्या, त्यात माझं बोट चेमटलं. गाठ सोडायला गेलो, तर ओली दोरी ताणाने आणखी आवळली होती. शेवटी मूळच्या रत्नागिरीच्या मित्राने जॅकेटचा चाकू काढून दोऱ्या कापल्या. डबा बुडाला, बोट काळंनिळं झालं, एवढ्यावर निभावलं.

काठावर त्याने मला झापलं. "मिरकरवाडा बंदरावर ये एकदा. होड्या खेटून लागतात, पण मधे जुने टायर असतात." मग चिखलात काडीने रेघा ओढत सांगत गेला. मोठी होडी मधे, नांगर तिचाच. पुढून एक, मागून एक दोरी. शिवाय दोन तिरप्या, म्हणजे होड्या पुढे-मागे घासत नाहीत. शिडाच्या असतील तर डोलकाठ्या एका रेषेत नकोत, डुलताना वर आपटतात. वारा वाढला की कडेची आधी सोडायची. कयाकला तर दोरीही नको. शेजारणीवर वल्हं आडवं टाकून हाताने धरलं तरी पुरे.

"आणि बांधायचीच झाली तर?"

"नाडीसारखी. ओढली की सुटली पाहिजे."

म्हणजे सुरगाठ. लहानपणी चड्डीच्या नाडीला निरगाठ बसली की रडत आईकडे धावायचो, ते आठवलं.

आताही आम्ही पाण्यावर थांबतो. चौघं खातात, एक जण डबा न उघडता वारा आणि काठ बघत बसतो. बहुतेकदा तो मीच असतो.