कच्ची वही

मराठीच्या प्राध्यापकाचा आणि रॉक अँड रोलचा संबंध काय, असे कुणी विचारले तर मी निरुत्तर होईन. ज्या संगीताने दिव्याच्या काचा थरथरतात त्यापासून मी चार हात दूरच राहिलो होतो. पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री दिवाळी अंकाच्या लेखाची सातवी प्रत काढीत बसलो असताना माझी अकरावीतली मुलगी आली, आणि माझ्या कानांत दोन बोंडे खुपसून म्हणाली, “बाबा, हे ऐक. यात ड्रम नाहीत. तुला चालेल.”

तो होता ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’. एक गिटार, एक माउथ ऑर्गन आणि रात्री शेजारी जागे होऊ नयेत अशा बेताने गाणारा माणूस. मध्येच एखादे गाणे खरोखरीच रॉक अँड रोलच्या चालीने धावते, पण तेही एकट्याने. एक-दोन गाणी मला अजून कंटाळवाणी वाटतात. मुलीला हे सांगितलेले नाही.

या अल्बमची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९८० साली स्प्रिंगस्टीनचा ‘द रिव्हर’ हा जोडअल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आता पुढचा अल्बम. स्टुडिओत जाऊन चाचपडत बसण्यात पैसा फार जातो, म्हणून त्याने आपल्या मदतनिसाला चार ट्रॅकचे साधे कॅसेट-यंत्र आणायला सांगितले. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी भाड्याचे घर होते. तिथल्या झोपायच्या खोलीत, १९८२ च्या जानेवारीत, त्याने गाणी भरून ठेवली. कशासाठी? तर साथीदारांना चाली कळाव्यात म्हणून. थोडक्यात, ही कच्ची वही होती. ती कॅसेट कित्येक दिवस डबीशिवाय त्याच्या खिशात फिरत होती!

मग सगळा वाद्यमेळ स्टुडिओत जमला. गाणी पुन्हा वाजवली गेली. वाजवणारे काही ऐरेगैरे नव्हते, पण बरीचशी गाणी जसजशी भरदार होत गेली तसतसा त्यांतला माणूस नाहीसा होत गेला. शेवटी खिशातली कॅसेटच प्रसिद्ध करायचे ठरले. तेही सोपे नव्हते. घरगुती टेपवरचा तो दबका आवाज तबकडीवर नीट उतरेना. निष्णात तंत्रज्ञांनी हात टेकले. निदान कॅसेट म्हणून तरी काढू, इथवर गोष्ट आली. अखेर जमले, आणि ३० सप्टेंबर १९८२ ला दहा गाण्यांची ती तबकडी बाहेर पडली. तिच्यासाठी दौराही काढला नाही. त्याच कॅसेटवरचे ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ मात्र बाजूला ठेवले होते. १९८४ साली ते सगळ्या वाद्यांनिशी आले आणि जगभर दुमदुमले. म्हणजे वाद्यमेळ वाईट असे नव्हे. गाण्यागाण्याची भूक वेगळी असते.

शीर्षकगीत १९५८ साली नेब्रास्कात सुटलेल्या चार्ल्स स्टार्कवेदर या खुन्याच्या तोंडी आहे. ते ऐकून अंगावर काटा येतो. पण मी अडलो ते बापाच्या गाण्यांपाशी. स्प्रिंगस्टीनचे वडील कारखान्यांत राबले, बस चालवली. रात्री अंधाऱ्या स्वयंपाकघरात गप्प बसून राहायचे. पुढे नावारूपाला आल्यावरही हा मुलगा रात्री गाडी काढून फ्रीहोल्ड गावातल्या आपल्या जुन्या घरांवरून नुसत्याच चकरा मारायचा.

मी बोंडे काढून ठेवली. समोरचा लेख माझ्या अण्णांवरच होता.

अण्णा जाऊन सात वर्षे झाली. तेराव्याच्या रात्री मी मुलीच्या गणिताच्या कच्च्या वहीत मागून चार पाने लिहिली होती. पुढे दर वर्षी त्यांचा लेख करायला बसलो. वहीत होते : “अण्णा माझ्याशी बोलत नसत, आणि मला ते सोयीचे होते.” सातव्या प्रतीत त्याचे झाले होते : “पितापुत्रांच्या मधोमध मौनाची एक अभेद्य भिंत उभी होती.” वर तुकोबा आणून बसवले होते, खाली एक वडाचे झाड. वाक्य सुरेख होते. फक्त ‘मला सोयीचे होते’ एवढे तीन शब्द त्यातून गळाले होते, आणि ते गाळण्यासाठीच मी सात वर्षे खपलो होतो की काय, अशी मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आईपुढे बसलो आणि चारही पाने वाचून दाखवली. मी एम. ए. साठी पुण्याला निघालो त्या दिवशी अण्णा स्टँडवर आले नाहीत, असे त्यांत शेवटी होते.

आई निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, “आले होते की रे. रसवंतीच्या मागे उभे होते. गाडी हलल्यावर घरी आले.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

मी वही मिटली नाही. शर्टाच्या खिशातले पेन काढले आणि शेवटच्या ओळीखाली, मुलीच्या एका चुकलेल्या गणिताच्या शेजारी, रसवंती कुठे होती ते लिहून ठेवले.