वाचलेला दीड तास



मागच्या रविवारी मंदिरात पूजेनंतर ताटं आवरताना एका मैत्रिणीने विचारलं, "तुम्ही दोघं मोटारसायकलवरून फ्रान्सला जाता ना, ते बोगद्यातून की बोटीने? आमच्याकडेही आता मोठी गाडी आलीय, उन्हाळ्यात जायचं म्हणतात." मी म्हटलं, "जाताना बोट, येताना बोगदा." ती म्हणाली, "असं का बरं?" तेवढ्यात तिची मुलं हाका मारायला लागली आणि उत्तर राहून गेलं. ते आज लिहिते. थोडं लांबेल, कारण हे उत्तर सापडायला आम्हाला एक वर्ष लागलं.

आम्ही लेस्टरला राहतो. मुलगी नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टला. विमानाने झटकन जाता येतं, पण आमच्या यांना दोन चाकांचं वेड जुनं. सांगलीत यांची येझदी होती. लग्नानंतर आमची पहिली सहल म्हणजे आंबा घाटातून रत्नागिरी, येझदीच्या मागच्या सीटवर. आता गाडी मोठी आहे, मागे सामानाच्या पेट्या आहेत, हेल्मेटमध्ये बोलायला इंटरकॉम आहे. माझी जागा मात्र तीच.

इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधला समुद्र सगळ्यात अरुंद जागीही सुमारे ३३ किलोमीटर आहे. गाडी घेऊन तो ओलांडायला इथून दोन सरळ वाटा. एक फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्यातून, दुसरी डोव्हरहून बोटीने.

बोगदा १९९४ साली सुरू झाला. लांबी ५० किलोमीटरच्या थोडी वर, त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखाली. पुष्कळांना वाटतं, आत रस्ता असेल आणि आपण गाडी चालवत पलीकडे जात असू. तसं नाही. आत रेल्वे आहे. आपली गाडी आगगाडीच्या डब्यात चढवायची आणि आगगाडीने पलीकडे जायचं. मोटारवाले आपल्या मोटारीतच बसून राहतात. आपल्याला बसायला काही नसतं. गाडी बाजूच्या स्टँडवर लावायची, पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि तिच्याजवळ उभं राहायचं. डब्यांमधली दारं बंद होतात, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सूचना होतात आणि ३५ मिनिटांनी आपण कॅलेजवळ बाहेर येतो. वारा, पाऊस, लाटा, काही कळत नाही.

बोटीला डोव्हर ते कॅले साधारण दीड तास लागतो. त्याआधी बंदरावर रांगेत थांबणं वेगळं. बोटीच्या पोटात गाडी लावून पट्ट्यांनी बांधायची आणि जिना चढून वर जाऊन बसायचं. बोट चालू असताना खाली गाड्यांपाशी जाऊ देत नाहीत.

फ्रान्सची पासपोर्ट तपासणी दोन्ही वाटांवर इंग्लंडच्या बाजूलाच होते. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो आणि तो तपासतात. त्याला वेळ धरूनच निघावं. सगळा हिशोब केला तर बोगद्याने आमचा दीड तास वाचतो. पहिल्या खेपेला यांनी तो दीड तास कागदावर लिहून मला दाखवला होता.

ती खेप सप्टेंबरची. अनंत चतुर्दशी झाली होती. हे पहाटे पाचला उठून कामावर गेले, अर्धी पाळी करून आले आणि आम्ही साडेदहाला निघालो. लंडनच्या बाहेरच्या वळसा रस्त्यावर गर्दी लागली. फोकस्टनला पोहोचेपर्यंत दुपारचे अडीच. गाडी मिळाली सव्वातीनची. पलीकडे उतरलो तेव्हा आमच्या घड्याळात चारला पाच कमी होते आणि फ्रान्सच्या घड्याळात पाचला, कारण तिथलं घड्याळ एक तास पुढे.

मुक्काम ठरवला होता रँसला, कॅलेपासून अडीचशेच्या वर किलोमीटर. आणि माझा नियम तुम्हाला माहीत आहे, सूर्यास्तानंतर मी खात नाही. तिथे सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य आठच्या सुमारास मावळतो. हे म्हणाले, "बोगद्याने वेळ वाचलाय. बसतेस तर आठच्या आत पोचवतो, तू नीट टेबलावर बसून जेवशील." पेटीत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, बिनलसणाचं भडंग होतं. रस्त्याकडेला थांबून अर्ध्या तासात पोट भरलं असतं. पण मला गरम जेवण हवं होतं. मी म्हटलं, "चला."

मोटारवे सरळ, दोन्हीकडे कापलेली शेतं. अरास मागे पडलं तसे हे इंटरकॉमवर बोलेनासे झाले. मला वाटलं, रस्त्यावर लक्ष आहे. आरशात सूर्य लाल व्हायला लागला होता आणि मी मनात मिनिटं मोजत होते.

मग खडखड असा आवाज आला. उजवीकडच्या पांढऱ्या पट्टीवर मुद्दाम उंचवटे केलेले असतात, गाडी त्यावर गेली होती आणि अजून उजवीकडेच चालली होती. मी यांच्या पाठीत जोरात गुद्दा मारला आणि ओरडले. गाडी सरळ झाली. मागच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला.

पुढच्या थांब्यावर आम्ही उतरलो. माझे पाय थरथरत होते. मी विचारलं, "अहो, काय झालं?" हे हेल्मेट काढत म्हणाले, "वारा आला एकदम." समोर झाडं होती. एक पान हलत नव्हतं. मी काही बोलले नाही.

रँसला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मी उपाशी झोपले. हेही जेवले नाहीत.

पुढे वर्षभर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. हे नकाशा घेऊन बसले की मी स्वयंपाकघरात जायची. लेकीला सांगितलं की बाबांना रजा मिळत नाही.

पुढच्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून घरी आलो. आपण सगळ्यांना हात जोडून क्षमा मागतो, घरच्यांना मात्र घाईत, चपला काढता काढता. मी तशीच म्हणाले. हे सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "त्या दिवशी वारा नव्हता."

मग सांगितलं. कॅलेला उतरलो तेव्हाच डोळे जड होते. पहाटेपासून उठलेले, चार तास गाडी चालवलेली आणि बोगद्यात ३५ मिनिटं उभं राहिलेले. "पण वाटलं, वेळ वाचलाय तर वाया कशाला घालवायचा. आणि तुझा सूर्यास्त." पुढे काही बोलले नाहीत.

मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "अहो, क्षमा मलाच मागायला हवी. पुऱ्या पेटीत होत्या."

आपल्याकडे कर्मबंधाच्या कारणांत प्रमाद सांगितला आहे. लहानपणापासून मी प्रमाद म्हणजे आळस असंच समजत आले. त्या संध्याकाळचा प्रमाद आळसाचा नव्हता, तो घाईचा होता. आणि त्यात मी मागे बसून सामील होते. रात्री न जेवण्याचा माझा नियम जीवांची हिंसा टाळण्यासाठी. तो गरम जेवणासह पाळायचा म्हणून मी आम्हा दोघांचा आणि त्या मागच्या ट्रकवाल्याचा जीव टांगणीला लावला होता. नियमात काही चूक नव्हती. तो सोयीने पाळायचा हट्ट माझा होता.

त्यानंतरच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा निघालो. मी म्हटलं, या वेळी बोट. हे म्हणाले, "तुला बोट लागते. आणि वेळ किती जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे."

बोटीचे त्रास आहेत, तेही सांगते. चढायचा उतार लोखंडी, पाऊस असला तर निसरडा. मी खाली उतरून चालत येऊ का विचारलं तर कर्मचाऱ्याने हातानेच बसून राहा म्हणून खुणावलं. हे हळूहळू, ब्रेक न दाबता चढले. आत गाडी भिंतीकडेला लावली, पहिल्या गिअरमध्ये घातली, सीटवर गादीसारखं काही ठेवून पट्टा आवळला. हेल्मेट, पासपोर्ट, डबा, औषधं घेऊन वर आलो. जिन्याचा नंबर मी फोनमध्ये फोटो काढून ठेवला, कारण परत येताना सगळे जिने सारखेच दिसतात.

आणि बोट मला लागलीच. आलं आपण खात नाही, पण सुंठ चालते. सुंठ-गुळाच्या गोळ्या करून नेल्या होत्या. मधल्या भागात, खिडकीजवळ बसून लांब क्षितिजाकडे बघत राहिले. तरी एकदा उठून जावं लागलं.

तोंड धुऊन परत आले तर हे झोपले होते. जाड बूट पायात तसेच, हातमोजे मांडीवर, मान एका बाजूला. इतक्या गाढ झोपेत मी यांना घरीही कधी पाहिलं नव्हतं. डोव्हरचे पांढरे कडे मागे लहान होत गेले. मी समोर बसून राहिले. पोटात ढवळत होतं, पण मला बरं वाटत होतं. या दीड तासात यांना कुठे जायची सोय नव्हती. गाडी खाली बांधलेली, किल्ली माझ्या पर्समध्ये.

गाड्यांकडे जाण्याची सूचना झाली तेव्हा मी एकदम उठवलं नाही. लोक जिन्याकडे निघाले, मग खांद्याला हात लावला. हे डोळे चोळत म्हणाले, "पोचलो?"

त्या दिवशी आम्ही रँसपर्यंत गेलोच नाही. कॅलेपासून चाळीसेक किलोमीटरवर सँ-ओमेर नावाचं गाव आहे, तिथे राहिलो. जूनमधला दिवस, सूर्य रात्री दहापर्यंत होता. तळ्याकाठच्या बाकावर पुऱ्या खाल्ल्या. हे म्हणाले, गरम नाहीत पण चांगल्या आहेत.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बोगदा वाईट नाही. वारा सुटला असेल, बोटी रद्द होत असतील, कुणाला समुद्र फार लागत असेल, गुडघे उभं राहायला धड असतील, तर बोगदाच बरा. आम्ही येताना बोगद्यानेच येतो, पण आदल्या रात्री सँ-ओमेरला झोपून, सकाळी ताजे होऊन. जाताना घरून आधीच चार तास झालेले असतात आणि पुढे परका रस्ता, तोही उजव्या हाताचा. म्हणून तेव्हा बोट.

बोगद्याने जायचं ठरवलं तर एवढंच करा. जो दीड तास वाचेल, तो पलीकडे उतरल्याबरोबर झोपेला द्या. त्या वेळात पुढचं गाव गाठायचा बेत करू नका.

आणि मागे बसणाऱ्या बायकांनो, इंटरकॉमवर बोलत राहा. समोरून उत्तर यायचं थांबलं की लक्ष आहे असं समजू नका. थांबायला सांगा. डबा असा ठेवा की हेल्मेट काढल्याबरोबर हाताशी येईल. दूध, दही, तूप, पेढे इथून तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून पुऱ्या तेलातल्याच करा. चार दिवस छान राहतात.

तुमच्यापैकी कुणी असा प्रवास केला असेल तर मला जरूर कळवा, त्या मैत्रिणीलाही सांगीन.

जय जिनेंद्र.