कुंभार्ली घाट आणि आमची जुनी फियाट

चिपळूणहून कऱ्हाडास जावयाचें म्हणजे कुंभार्लीचा घाट चढावा लागतो. शिरगांव, पोफळी मागें पडलीं कीं रस्ता वळणें घेऊं लागतो, आणि वर हेळवाकच्या बाजूस पोंचतांच हवा एकदम पालटते. कोयनेचें पाणी स्वभावतः पूर्वेस, कृष्णेकडे जाणारें. परंतु त्यांतील बराच भाग बोगद्यांनीं याच सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस उतरविला आहे, आणि वीज निर्माण करून तें पाणी वाशिष्ठीस मिळतें. त्या वाशिष्ठीच्या काठीं आमचें घर. २२ जुलै २०२१ रोजीं ती आमच्या घरांत आली.

आम्हीं सर्वांनीं माडीवरून पाहिलें. अंगणांतील फियाट दिसेनाशी झाली होती. पाणी ओसरल्यावर ती गाळानें भरलेल्या हंड्यासारखी उभी राहिली. गाडी आमच्या कैलासवासी दादांची, १९६८ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९६४ पासून 'डिलाइट' या नांवानें निघूं लागलेली ही फियाट ११०० पुढें 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती वाचकांस परिचित असेल. तेथील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली. भंगारवाला दारांत येऊन भाव सांगून गेला. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला एकदां हिच्यांतून कऱ्हाडास माहेरीं न्या. मग हिचं काय करायचं तें करा."

आमचा पुतण्या यंत्रशास्त्र शिकलेला. त्याच्या मतें आधीं पत्रा व रंग करावा, म्हणजे घरच्या मंडळींस हुरूप येईल. मीं म्हटलें, "अरे, घाट रंगानें उतरतां येत नाहीं." येणेंप्रमाणें ब्रेकांस अग्रपूजेचा मान मिळाला.

या गाडीच्या चारही चाकांस ड्रम आहेत. पायानें पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब नेतें. तेथील लहान सिलिंडरांचे दट्टे बाहेर सरकतात आणि ब्रेक शू फिरत्या ड्रमवर आंतून दाबले जातात. सर्व नळ्यांचें मंडळ एकच असल्यामुळें एके ठिकाणीं गळती लागली तरी चारही चाकें निराधार. ड्रम काढले, तों आंत गाळ वाळून वीट झालेला. जुन्या लायनरमध्यें ॲस्बेस्टॉस असतें. ती धूळ श्वासांत जाऊं नये म्हणून हवेनें न उडवितां आम्हीं सर्व ओलेंच पुसून काढलें. दट्टे गंजून सिलिंडरांस चिकटून बसले होते.

आतां माझ्या शहाणपणाची गोष्ट. नवे सिलिंडर व रबरी वाट्या आल्या. बसविण्यापूर्वीं सर्व स्वच्छ असावें म्हणून मीं ते भाग रॉकेलनें धुतले. पुतण्या त्या दिवशीं पुण्यास होता. आठ दिवसांत वाट्या फुगल्या आणि पुढचीं दोन्ही चाकें सुटेनात! अशा तेलानें ब्रेकचें रबर फुगतें, हें प्रत्येक मिस्त्रीच्या पोऱ्यास ठाऊक असतें. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या मला नव्हतें. पुतण्या परत आला, वाट्या पाहिल्या, आणि एवढेंच म्हणाला, "काका, पुढच्या वेळीं ब्रेक ऑइलनंच धुवायचं." मी पोरांवर ज्या स्वरांत ओरडत असें तो स्वर त्यानें काढला नाहीं, याचें मला अधिक वाईट वाटलें. सर्व पुनः उघडलें, वाट्या पुनः मागविल्या. मग सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून निपलांतून हवा काढली. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. पाणी मिसळलेलें ऑइल घाटांत तापलें कीं त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यानें पेडल रिकामें खालीं जातें. म्हणून ऑइल बंद डब्यांतलें, नवें.

पत्र्याची कथा निराळी. पुरापूर्वींच एका कारागिरानें दारांखालच्या भागांत गंजावरच लांबी भरून रंग दिला होता. लोहचुंबक फिरवितांच तो तेथें चिकटेना, तेव्हां हें उघड झालें. पेचकस टोंचला तर आरपार! या गाडीस निराळी चौकट नाहीं; अंग हाच तिचा सांगाडा, म्हणून तेथें लांबी उपयोगाची नव्हती. कुजका भाग धातूचा चकचकीत कांठ लागेपर्यंत कापून नवा पत्रा जोडवून घेतला. उरलेला गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरनें मीं स्वतः घासला. लोखंडाच्या मळास वैद्यकांत मंडूर म्हणतात, आणि तो शंभर वर्षांचा असल्यास उत्तम समजतात, असें मीं पुतण्यास सांगितलें. "मग अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षं थांबूं या," तो म्हणाला. नंतर प्रायमर, आणि दादांच्या वेळचा मोतिया रंग. पाणी निघून जाण्याचीं भोंकें गाळानें बुजलीं होतीं, तीं मोकळीं केलीं.

दुसरा पावसाळा सरल्यावर, मार्गशीर्षांत, आम्ही निघालों. पुतण्या चालवीत होता. वहिनी मागें बसल्या, त्या दोन्ही पाय वर घेऊन. पूर्वीं त्या जागीं तळाला भोंक असे व खालीं धांवता रस्ता दिसे. ती संवय जाईना. कऱ्हाडास दोन दिवस राहिलों. त्यांच्या वृद्ध बंधूंनीं गाडीभोंवतीं फेरी घातली आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

परतीचा उतार हीच खरी परीक्षा. घाटमाथ्यावरच गाडी दुसऱ्या गिअरांत घातली होती. प्रत्येक वळणावर पुढें बसलेला मी नकळत स्वतःचाच पाय दाबीत होतों. पेडल कोठेंही खालीं गेलें नाहीं. पोफळीस थांबून मीं चारही चाकांजवळ हात नेला. ऊन होतीं, परंतु एकही दुसऱ्याहून फार अधिक नव्हतें. "उतरला का घाट?" वहिनींनीं विचारलें. उतरल्याचें सांगतांच त्यांनीं पाय खालीं सोडले, तळाचा पत्रा टांचेनें दोनदां ठोकून पाहिला, आणि म्हणाल्या, "आतां कोठें चहा मिळतो का पाहा."