थट्टेआडचें मूल

थट्टामस्करींत गंभीर विचार मावत नाहीं, असा आमचा बरेच दिवस समज होता. दहावींतील एका अबोल विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही 'फुरीकुरी' ही जपानी चित्रमालिका पाहिली, आणि तो समज गळून पडला.

त्सुरुमाकी काझुया यांनीं दिग्दर्शित केलेली ही मालिका २०००-२००१ सालीं निघाली. भाग अवघे सहा. बारा वर्षांच्या नाओतास एक विक्षिप्त बाई स्कूटरनें उडविते, वर डोक्यांत गिटार हाणते, आणि त्याच्या कपाळांतून चक्क यंत्रमानव बाहेर पडतो! आम्ही पोट धरून हंसलों.

पण नाओताचा थोरला भाऊ बेसबॉल खेळावयास अमेरिकेस गेलेला. हा प्रौढपणाचा आव आणून भावाची बॅट घेऊन हिंडतो. मात्र चेंडू आला कीं ती फिरवीत नाहीं. चुकण्याचें भय! चौथ्या भागांत आकाशांतून संकट कोसळतें, तेव्हां कोठें त्याचे हात हलतात.

येथें आमचें हंसणें थांबलें. त्या विद्यार्थ्याचाही वडील भाऊ दूरदेशीं आहे. तो वर्गांत कधीं उत्तर देत नसे, आणि आम्ही प्रगतिपुस्तकांत 'समंजस' असा शेरा लिहून मोकळे झालों होतों.

दुसरे दिवशीं आम्ही त्यास फळ्याजवळ बोलाविलें. उत्तर चुकलें. तो हंसला, आम्हीही हंसलों.