मावळतीची बाजू

गुडघ्यांनी नकार दिल्यापासून मी आढ्यावर चढत नाही. वर पोरं रिपा ठोकतात, मी खाली खुर्ची टाकून बसतो आणि वर असताना जे कधी बघितलं नव्हतं ते बघतो: घर कुठून तापतं. छपरावर बसलेल्याला सगळंच तापलेलं लागतं, त्याला फरक कळत नाही. मे महिन्यात दुपारी चार ते सहा पडवीत बसलं की मात्र डहाणूकडच्या आमच्या रानशेत गावातल्या घराला एकच बाजू उरते, मावळतीची.

बाकीच्या तीन बाजूंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उगवतीचं ऊन कोवळं असतं तोवर हवंसंच वाटतं. पौष-माघात तर ओट्यावरच्या त्या तुकड्यासाठी घरात भांडणं होतात. दक्षिणेचा सूर्य डिसेंबरात दुपारी ४६-४७ अंशांवर असतो. तेव्हा तो आत आला तर येऊ द्यावा. मार्च मध्यावर येईपर्यंत तो इतका वर चढलेला असतो की अडीच फुटांची वळचण त्याला बाहेर ठेवते. उत्तरेची थोडी गंमत आहे. आपण विसाव्या अक्षांशावर राहतो, त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर काठीची सावली काठीच्या बुडात जाते, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य घराच्या उत्तरेला असतो. पण असतो तो माथ्यावरच, हातभर छपराने भागतं.

पश्चिमेला कशानेच भागत नाही. कारण तिकडून एक नाही, तीन गोष्टी येतात. उन्हाळ्यात दुपारचं ऊन तिकडून, जीव थंड करणारा खारा वारा तिकडूनच, आणि जूनपासून झडही तिकडूनच. उन्हासाठी भिंत बंद हवी, वाऱ्यासाठी उघडी हवी, पावसासाठी पुन्हा बंद. बांधकामाच्या ज्या कोणत्या उपायाने दोघांचं समाधान होतं त्याने तिसरा चिडतो. माझी उमेदीची वर्षं या एका भिंतीत गेली, असं म्हटलं तरी चालेल.

आकडे सांगतो, कारण बोटांनी दाखवलं की लोक मान डोलावतात आणि करायचं तेच करतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाच वाजता सूर्य जेमतेम २८ अंशांवर असतो. खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला असेल तर पाच वाजता त्याची सावली भिंतीवर फूटभरच उतरते, खालची सगळी खिडकी उन्हात. सात फुटांची भिंत आडव्या छज्ज्याने झाकायची म्हटली तर छज्जा तेरा फूट पुढे यावा लागेल. तेरा फुटांचा छज्जा कोणी घालत नाही. जुन्या वारली घराने हे कोडं केव्हाच सोडवलं होतं. छप्पर भिंतीपाशी न थांबता तसंच उतरत पुढे आठ फूट आणायचं, की वळचण आपोआप साडेचार फुटांवर येते. पाच वाजता सावली भिंतीच्या पायाशी पोचते, पडवी वाऱ्याला मोकळी राहते आणि झड पडवीतच मरते. तिन्ही पाहुण्यांची सोय एका उताराने. मी नवं काही शोधलं नाही. मी फक्त कोनमापक लावून बघितला आणि मग आठवडाभर स्वतःवर खूश होऊन हिंडलो.

अडचण अशी की साडेचार फुटांखालून आत जायला वाकावं लागतं.

हे लिहिताना मला ती मोठाली पुस्तकं आठवतात, ज्यांवर 'पॅसिव्ह सोलर घर' असं लिहिलेलं असतं. त्यातलं घर ऊन पकडायला बसलेलं असतं. फ्रान्समध्ये ओदेयोला फेलिक्स त्रोंब यांनी १९६७ साली काचेमागे काळी जाड भिंत उभी केली, दिवसभर तापायची आणि रात्री खोलीत ऊब सोडायची. लडाखात फे गावच्या सेकमोल संस्थेच्या आवारात मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेची काच यांवर कडाक्याचा हिवाळा निघतो. दोन्ही गोष्टींपुढे मी टोपी काढतो. पण आमच्याकडे ही पुस्तकं आरशात धरून वाचावी लागतात. आम्हाला तापलेली भिंत मध्यरात्री नको असते. नऊ इंची विटेची पश्चिमेकडची भिंत पाच वाजता खाल्लेलं ऊन सहा-सात तासांनी खोलीत ओकते, नेमकी माणसं अंग टाकतात तेव्हा. कुडाची भिंत तशी नाही. कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती, तिची जाडी ती किती! ती लगेच तापते आणि सूर्य बुडाला की लगेच निवते. तिच्यात साठवण नाही, म्हणून तिच्याशी व्यवहार सोपा. फक्त ऊन तिला शिवू द्यायचं नाही.

मधल्या काळात मी जाड मातीच्या भिंतींचा होतो. दीड-दीड फूट जाड, हाताने थापलेल्या, कोपरे गोल. लोक मोटारी थांबवून फोटो काढायचे आणि मला ते आवडायचं. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत त्या थंडीत माणसं घराबाहेर निजली, तंबूत राहिली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या आठवड्यात पाड्यांवर हिंडताना मी भिंतींकडे बघत होतो. काँक्रीटची पट्टी न टाकलेल्या विटेच्या भिंती कोपऱ्यांत उकलल्या होत्या. कुडाच्या घरांची माती ढेपा होऊन पडली होती, कौलं सरकली होती, पण मेढी उभ्या होत्या आणि काठ्या जागच्या जागी. १९९३ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी काय केलं ते आमच्या पिढीने वर्तमानपत्रात पाहिलं होतं. त्यानंतर जाड भिंतीचं काम कोणी मागितलंही नाही, आणि मागितलं असतं तर मी केलंही नसतं. तेव्हापासून माझ्याकडे हलकी भिंत आणि सावली एवढंच भांडवल राहिलं, आणि पश्चिमेचा घोर दुप्पट झाला.

वळचण उचलायची आणि ऊनही अडवायचं, यासाठी जे जे करून पाहिलं ते इथल्या कामगारांना ठाऊक आहेच. मांडव घालून वेल चढवले. घोसाळी, कारली, तोंडली पावसात अशी माजतात की पडवीत दिवसा दिवा लागावा, आणि एप्रिलमध्ये, जेव्हा त्यांची गरज असते, तेव्हा मांडवावर वाळक्या दोऱ्या. परदेशी पुस्तकातला वेल उन्हाळ्यात पानं धरतो, आमचा पावसाळ्यात. सागाचंही तेच. साग उन्हाळ्यात उघडा होतो आणि नेमकं तेव्हाच त्याच्यामागून सूर्य येतो. तरी दहातल्या आठ वाड्यांत पश्चिमेला साग दिसेल, कारण साग म्हणजे पैसा. करंज लावा. तो चैत्राच्या सुमारास पान बदलून लगेच नवी पालवी धरतो. घरापासून वीस फुटांवर लावा आणि खालच्या फांद्या पुरुषभर छाटा, म्हणजे वारा बुंध्यापाशी वाहतो आणि ऊन वर अडतं. चिकूही चालतो, आमच्या डहाणूत त्याला काय तोटा. पण चिकूची सावली पावसाळ्यात भिंत वाळू देत नाही आणि छाटू म्हटलं तर मालकीण रडते.

बांबूचे तट्टे वळचणीला टांगून पाहिले. पहिल्या वर्षी सुंदर दिसतात. काळोख्या पंधरवड्यात कापलेला बांबू असला तरी भुंगा दुसऱ्या वर्षी पीठ पाडतोच. लॉरी बेकर यांच्या धाटणीची विटेची जाळीही केली. केरळात तिने मोठं काम केलंय, पण आमच्या पश्चिमेला ती आषाढात गाळणी होते आणि अंथरूण भिजतं. आता मी वरचा हातभर कूड न लिंपता सोडतो, छपराच्या अगदी पोटात, जिथे झड पोचत नाही. तापलेली हवा तिथून निघून जाते. आणि पश्चिमेला माणूस निजवायचाच नाही. तिकडे गोठा, कणग्या, न्हाणी, पेंढ्याची उडवी. भाताला ऊब लागते, बैलाला चालते.

इथे मला थोडं वाकडं बोलायचंय. शनिवार-रविवारची घरं बांधणारे लोक मुंबईहून येतात आणि पहिली मागणी करतात ती मावळतीकडे काचेची भिंत, सूर्यास्त दिसायला. सूर्यास्त दहा मिनिटांचा असतो. त्याआधीचे तीन तास ते पडदे ओढून, एसी लावून बसतात. दुसरे आहेत मातीच्या घरांचे शिबिरवाले. चार दिवस चिखल तुडवायचा, फोटो काढायचे, सारवायला मात्र दर वर्षी कोण येणार हे कोणी विचारत नाही. ते काम बायकांचं, आणि त्या शिबिरात नसतात. पाबळच्या विज्ञान आश्रमाचे घुमट हलके आणि भूकंपाला चांगले, कलबाग सरांच्या त्या कामाला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण घुमटाला वळचण नसते, आणि वळचण नसलेलं घर कोकणपट्टीच्या पावसात मला घर वाटत नाही. हा माझा पूर्वग्रह आहे, असू द्या.

माझीही तऱ्हा सांगून टाकतो. पाहुणा आला की मी त्याला पूर्वेच्या ओटीत बसवतो आणि गप्पांच्या ओघात थर्मामीटर काढतो. पश्चिमेच्या खोलीत तो थर्मामीटर कधी जात नाही. आणि मी बांधलेल्या घराबद्दल कोणी विचारलं, "हे घर कोणाचं?" आणि लोकांनी मालकाचं नाव सांगितलं, तर आजही मला खटकतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या हाताखाली तयार झालेला एक वारली पोरगा स्वतःचं घर बांधतो आहे. घरकुल मंजूर आहे, पंतप्रधान आवास योजनेतलं. किमान २५ चौरस मीटर आणि सपाट भागासाठीचे एक लाख वीस हजार रुपये. भिंती पक्क्या हव्यात म्हणून वीट, लिंटलला पट्टी, कोपऱ्यांत सळया. ते त्याने मला न विचारता नीट केलं. पडवी तो स्वतःच्या पैशाने घालतो आहे. रस्ता पश्चिमेला, म्हणून दारही पश्चिमेला. ते बदलणार नाही, पाहुणा काय मागून येणार? मी साडेचार फुटांची खूण केली. त्याने ती पाहिली, काही बोलला नाही. बोलली ती त्याची आई.

"मिस्त्री, सावकाराच्या दारात आमचे म्हातारे वाकले. आपल्या दारात पन वाकाचा?"

तलासरीकडे झरीला मे १९४५मध्ये वेठीविरुद्ध सभा भरली, ती तिने पाहिलेली नाही, पण तिच्या घरात ती सांगितली जाते. जन्मभर ती ज्या छपराखालून ये-जा करते आहे ते साडेचार फुटांचंच आहे, आणि मी ज्याला हुशारी म्हणत होतो त्याला ती दुसरंच काही म्हणत होती. २८ अंशांचा कोन मला पाठ आहे. तिच्या बोलण्याला लागू पडेल असा कोन माझ्याकडे नव्हता. दोन दिवस मी चिडलेलो होतो, कारण उत्तर बरोबर असूनही हरलो होतो.

मग आम्ही तिघांनी बसून मोजलं. वळचण फूटभर उचलली की आढं फूटभर उचलतं, वासे वाढतात, पैसे वाढतात. ते तिने मान्य केलं, एक शेळी विकीन म्हणाली. पोराने सुचवलं की पडवीची जमीन घरापेक्षा अर्धा फूट खाली घेऊ, म्हणजे डोक्याला जागा मिळेल आणि छप्पर कमी उचलावं लागेल. त्यासाठी सगळं जोतंच वर घ्यावं लागतं, नाहीतर अंगणाचं पाणी पडवीत. मुरुमाच्या दोन ट्रॉल्या जास्त. तेही ठरलं. अंगणात, रस्त्याच्या अलीकडे, दोन करंज लावून झाले आहेत. त्यांची सावली घरापर्यंत यायला पाच-सहा वर्षं लागतील.

वळचण पडवीच्या जमिनीपासून साडेपाच फुटांवर ठरली आहे. आईची उंची पाच फुटांच्या आत, ती ताठ आत जाईल. पोरगा उंच आहे, त्याला मान खाली घालावी लागेल, त्याला चालतंय. मेमध्ये पाच वाजता भिंतीच्या तळाशी आठ-नऊ इंच ऊन पडणार आहे. तिथे जळणाची लाकडं रचायची आहेत.